लंडनच्या पत्राविषयीचे पाचवे कलम

मी, इग्नेशियस मार्सेल तुस्कानो, वय ६३, राहणार गिरीज, तालुका वसई, जिल्हा ठाणे, वसई कोर्टातला निवृत्त कारकून, पूर्ण शुद्धीत हे लिहितो. गुरुवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. 'कोणाच्याही दडपणाशिवाय' असे लिहायची रीत आहे. ते मला लिहिता येत नाही.

१. राहते घर पत्नी क्लेमेंटीन हिला.

२. केळीची वाडी व विहीर मुलगा ॲल्रॉय आणि मुलगी जीना यांना निम्मी निम्मी. मुलीला वाटा कशाला, हे मी कोर्टात फार ऐकले. माझ्या घरात चालणार नाही.

३. मराठी टाइपरायटर ॲल्रॉयला. त्याला अजून रजेचा अर्ज धड लिहिता येत नाही.

४. शेजारी युजीन याने कुंपणाजवळचा माझा सोनचाफा तोडला, ते मी विसरलेलो नाही. तरी साक्षीला त्यालाच बोलावले आहे. भांडखोर आहे, पण खोटे बोलत नाही.

५. फेब्रुवारीत दोन माणसे ओट्यावर येऊन बसली. पाणी प्यायली. एकाने विचारले, "काका, पोरगी कॉलेजातून किती वाजता येते?" मी त्यांनी आणलेल्या, वाडीच्या मागच्या तुकड्याच्या कुलमुखत्यारपत्रावर सही करून दिली. घरात कोणाला सांगितले नाही.

जीनाला परदेशात कायदा शिकायचा आहे. तिने लंडनला आणि कॅनडाला अर्ज केले होते. लंडनच्या पदवीवर पुढे इथे वकिली करता येते, कॅनडातल्या त्या कॉलेजच्या पदवीवर येत नाही, असे ओळखीच्या वकिलांनी मला सांगितले. होकार दोन्हीकडून आला. पोस्टमन पत्रे माझ्याच हातात देतो. लंडनचे मी जुन्या कागदांच्या दप्तरात दडवले आणि तिला म्हणालो, "बाय, कॅनडाचंच आलंय." काळा कोट घालून ती त्या माणसांसमोर उभी राहील, हे मला नको होते. लंडनला ३० जूनपर्यंत कळवायचे आहे.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, हे बत्तीस वर्षे कारकुनी केलेल्याला कोणी सांगायला नको. तिने वाचेपर्यंत मुदत टळून जावी, अशा बेताने मी कबुली लिहीत होतो. माझी मलाच लाज वाटली. म्हणून हे कलम आज सहीपूर्वी जीनाला वाचून दाखवले व पत्र तिच्या हातात दिले.

तिने पत्र दोनदा वाचले. मग म्हणाली, "डॅडी, मी लंडनलाच जाणार. आधी त्या दोघांची नावं सांगा."

मी नको म्हणालो. ती वही आणायला आत गेली आहे. मला फार भीती वाटते.

सही: इ. मा. तुस्कानो

साक्षीदार:
१. श्रीरंग वर्तक, निवृत्त कारकून
२. युजीन डाबरे, शेजारी. सही माझ्यासमोर झाली. त्यांचे डोके ठिकाणावर होते. सहीआधी त्यांनी मुलीला दोन्ही नावे सांगितली, ती मीही ऐकली.

गिरीज, १६ जून २००३