सतरा वाव, तळाशी केस

२२ मे १९९७, गुरुवार
आले एकदाची! बोटीने कोल्ड आर्मच्या धक्क्यावर मला आणि माझ्या तीन पेट्यांना उतरवलं. पेट्या उचलायला ॲम्ब्रोज पॅफर्ड आला. वय एक्क्याऐंशी, दात चार. बये, दगड भरलेस की नवरे, म्हणाला. मी म्हटलं, वजनाला आणि उपयोगाला दोन्ही सारखेच. तो इतका हसला की पेटी खाली ठेवावी लागली. घर टुमदार आहे, जुन्या कचेरीला लागून. भाडं नाही. बदल्यात कचेरीतले नकाशे जूनअखेरच्या प्रदर्शनासाठी नीट करायचे. पोस्ट सांभाळणाऱ्या लोर्ना व्हॅचरने मोलॅसिसचा, म्हणजे काकवीचा, पाव आणून दिला. सेंट जॉन्सच्या इस्पितळात चौतीस वर्षं धोबीखाना चालवल्यावर याहून मोठं सुख मागणारी मी नाही. इथून आता मी थेट स्मशानातच.

२४ मे
नकाशे अकरा. दोनशे तीस वर्षांपूर्वीचे, इंग्रजी आरमाराच्या लेफ्टनंटने हाताने काढलेले. तोफांचे मोर्चे, खडक आणि समुद्रभर आकडे. पद्धत अशी: शिशाच्या वजनाच्या बुडाला चरबी थापायची आणि ते दोरीने पाण्यात सोडायचं. दोरी किती वाव गेली ती खोली; एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं. चरबीला जे चिकटून वर येईल तो तळ. वाळू, चिखल, शिंपले, सगळं आकड्याशेजारी लिहायचं. आमच्या इस्पितळाच्या मॅट्रॉन-सिस्टरनेही शाबासकी दिली असती असं अक्षर.

पण सातव्या नकाशावर, बंदराच्या तोंडाशी, तळहाताएवढा काळा चिकट थर. सील प्राण्याच्या जुन्या चरबीचा. त्यात माश्यांचे पंख, लोकर, कुणाचं तरी नख. वास असा की खिडक्या उघडल्या. मी इस्पितळाच्या चादरी पाहिल्यात. मला सहजासहजी किळस येत नाही.

२६ मे
ॲम्ब्रोजला जाब विचारला. दर जूनमध्ये केपलिन मासे किनाऱ्यावर लोटले की गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाने डोळे मिटून तिथे चरबी चोळायची, अशी रीत आहे म्हणे. वीस वर्षं त्याच्या आईने चोळली. ती फेब्रुवारीत गेली, आता पाळी याची. मी म्हटलं, उद्या वेदीच्या कापडाला कॉड माशाची आतडी पुसाल. एरवी हा हसला असता. फिलोमिनाबाई, बाकीचे दहा धुवा, हवे तर दोरीवर वाळत घाला, म्हणाला. त्याला हात लावू नका.

२७ मे
हात लावला. घाणीला रीत म्हटल्याने ती स्वच्छ होत नाही. टीपकागद, कोमट इस्त्री, मग शिळ्या पावाचा चुरा. थरावर थर निघाले, गार झालेल्या रश्श्यावरच्या सायीसारखे. दोन पाव काळे झाले. मागच्या दारी टाकले तर सीगलसुद्धा फिरकले नाहीत. खाली स्वच्छ अक्षरात: १७. तळ: केस.

मोठ्याने वाचलं. कॉन्व्हेंट शाळेची सवय.

३० मे
कुणाचा तरी चावटपणा आहे. नकाशावर दुसरा १७, धक्क्याच्या टोकाशी. तळ: दोर. शाई ताजी, अक्षर तेच. लोर्नाला झापलं. कचेरीची किल्ली तुमच्याचकडे आहे ना, मावशी, म्हणाली. धक्क्यावर ॲम्ब्रोज वल्हं पाण्यात खुपसून बघत होता. कालपर्यंत तिथे कमरेएवढं पाणी होतं. आज वल्हं टेकेना.

२ जून
चर्चच्या पायरीवर बशीएवढा पिवळट थर. चरबी. मधोमध खड्डा, जणू काही टेकवून उचललं. नकाशावर तिथेच १७. तळ: काजळी, मेण. कोरड्या जमिनीवर!

ॲम्ब्रोज माझ्या स्वयंपाकघरात टोपी हातात घेऊन बसला. वाचलंत ना तुम्ही, म्हणाला. ज्याने वाचलं त्याच्याकडे ते येतं. मोजत मोजत येतं. मी म्हटलं, मग जाळा ना मेलं. त्याच्या चुलतआजोबांनी याच नकाशाची दुसरी प्रत चुलीत घातली होती, म्हणाला. त्यांचं स्वयंपाकघर कुठे होतं, विचारलं. त्याने खिडकीतून बंदराच्या तोंडाशी, खोल पाण्याकडे बोट केलं.

४ जून
माझ्या उंबऱ्यावर तसाच थर. घासून पुसला, सोडा, उकळतं पाणी. हात अजून बुळबुळीत आहेत. पावालाही तोच वास. नकाशावर: तळ: पावाचा चुरा.

म्हणजे मागचं दार.

उद्याच्या बोटीने जाते. पेट्या राहू देत.

५ जून
धुकं. बोट आली नाही. लोर्ना म्हणते पुढच्या गुरुवारी, धुकं उठलं तर. तिच्याकडे राहू का विचारलं. नको हो मावशी, म्हणाली, माझी लेकरं आहेत. दार लावलं तिने. आतून तिचं रडणं ऐकू आलं.

ॲम्ब्रोजने डोळे मिटून, पुटपुटत, नकाशावरच्या आकड्यांवर चरबी चोळली. ती थरथरून कडेला सरकली, तव्यावरच्या पाण्यासारखी. त्याने हात पुसले. उशीर झाला बाई, म्हणाला. डोळे उघडले नाहीतच. तसाच चाचपडत गेला.

८ जून
थर पलंगाशी. मग उशीवर. उशीवरच्यात खड्डा. त्यात चिकटलेले माझे केस उपटून नेलेत. डोक्यावर बोटभर जागा उघडी.

कानांना दडे. दोन दिवस. तोंड उघडलं की खारट.

नकाशावर पहिल्यांदा लिहिलेले ते केस — ते कुणाचे होते —

१० जून, मंगळवार
नकाशावर माझ्या घरावर १७. तळ: आणि पुढे कोरं. शाई ओली. लिहायचं बाकी.

दार उघडत नाही. बाहेरून काहीतरी दाबून आहे. ॲम्ब्रोज खिडकीपाशी ओरडतोय, तोंड हलतं, ऐकू येत नाही. त्याचे केस वर तरंगत —

नाही. काचेत माझे.

दुपारचे बारा. अंधारून आलंय, हिरवट. छताकडे बघायचं नाही असं ठरवलंय. तेवढी शिस्त आहे अजून.

वहीवर चरबीचा थेंब. पुसला. पुन्हा पडला. किती ही घाण —

दोरी. छतातून. हळूहळू. वर कुणीतरी हातांनी सोडतंय, वाव मोजत, मला आकडे ऐकू येतात, चौदा, पंधरा — बुडाला चरबी, चरबीत पांढरे केस, जुने, आणि माझे — सोळा —

कपाळाला गार शिसं ला