जमादाराच्या माडीवरची रोपं

२६ सप्टेंबर

पुडी मिळाली. राधाकिशनने दिली, पण असा मागे सरकत होता की जणू मीच पोलीस.

"वैनी, जमादाराला कळलं तर मला तिसऱ्यांदा आत टाकंल."

जमादार म्हणजे आमचे हे. निवृत्त हवालदार, पण युसूफ वडगाव या आमच्या गावाला ते जन्मभर जमादारच राहणार. राधाकिशन त्यांचा लहानपणचा दोस्त. नोकरीत असताना यांनी त्याला गांजा ओढताना दोनदा धरलं, आणि दोन्ही वेळा कोठडीत डबा आमच्याच घरून गेला. मीच करून दिला होता.

म्हटलं, "आता यांच्याकडे कोठडीची किल्ली नाही. द्या इकडे."

बिया राखाडी आहेत, वर बारीक नक्षी. गांजाच्या. लिहून टाकलं एकदाचं.

२७ सप्टेंबर

यांचा डावा पाय मांडीपासून गेला. उसाच्या ट्रॉलीखाली. दोन वर्षं होतील. तरी तो पाय रोज दुखतो. आज दुपारी पुन्हा — "अंगठा जळतोय गं." मी विचारलं, कोणता. म्हणाले, "नसलेला."

अंबाजोगाईचे डॉक्टर सांगतात, पाय गेल्याचं मेंदूला अजून कळलेलं नाही. गोळ्या दिल्यात. गोळीने दुखणं थोडं कमी होतं आणि माणूस सगळाच कमी होतो. खुर्चीत बसल्या बसल्या मान पडते. एकेक चोर कसा धरला ते जेवणाची ताटं वाळेपर्यंत सांगणारा माणूस, परवा 'मीठ' हा शब्द शोधत बसला. मीच पुढे केलं मीठ. मग न्हाणीत जाऊन रडले.

मोबाईलवर महिनाभर वाचतेय. बाहेरच्या देशांत अशा दुखण्याला याचं औषध देतात. आपल्याकडे झाड लावणं गुन्हा — ते वाचायची गरज नव्हती, एका हवालदाराबरोबर संसार केलाय. पण मला माझा माणूस परत पाहिजे. बस.

आणि उगवायचं काय अवघड आहे? जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर सातवीला बीज अंकुरण शिकवलं. मटकी, वाल, हरभरा, सगळं वर्गात उगवून दाखवलं. ही पण एक बीच आहे.

३० सप्टेंबर

जागेचा प्रश्न. अंगणात नाही, परसात नाही. हे ओसरीवर खुर्ची टाकून बसतात आणि घरात मांजर आलं तरी ओळखतात कुठलं ते. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, पण त्या सगळीकडे हात फिरवतात.

२ ऑक्टोबर

सुचलं! भाकरी थापता थापता सुचलं. उद्या घट बसतात.

३ ऑक्टोबर, घटस्थापना

देवघरात पत्रावळीवर वावरातली काळी माती पसरली, मधोमध घट. दरवर्षी मातीत गहू-ज्वारी मीच पेरते. यंदा गव्हात त्या पण पेरल्या. नऊ दिवस घटाला कुणी हात लावत नाही. हे देवघरात येत नाहीत, खाली बसताच येत नाही त्यांना. आणि पाणी शिंपडणं, माळ सोडणं सासूबाईंकडे. म्हणजे राखण करायलाही माणूस मिळाला!

बाप्याला एवढं सुचलं असतं का?

देवीला मनात म्हटलं, तुझ्या लेकाच्या पायासाठी आहे, बोल लावू नको.

७ ऑक्टोबर

उगवल्या. गहू वर गेलाय, आणि त्याच्या बुडाशी दोन-दोन गुबगुबीत पानांची रोपं. मधून कातरलेलं पान निघतंय. वर्गात मी अशा वेळी टाळ्या वाजवायला सांगायचे.

बेत असा — दसऱ्याला घट उठायच्या आधी मी आंघोळ करून देवघरात जाणार, माझी रोपं अलगद काढून माडीवर नेणार. माडीवर ना हे चढू शकत, ना सासूबाई. माडी माझी एकटीची.

१२ ऑक्टोबर, दसरा

हसू की रडू.

मी न्हाणीतून आले तर सासूबाईंनी घट उठवलेला! म्हणाल्या, "तू पाणी तापवत बसलीस, मंग मीच उठविला. आन् विजा, अवंदा देवीनं कातरलेली पानं दिली बघ. हाताला लागत्यात. लई सुलक्षण." आणि हातात तुऱ्यांची जुडी. आमच्याकडे घटातलं धान दसऱ्याला उपटून घरातल्या, गल्लीतल्या बाप्यांच्या टोपीत खोवतात. त्या ओसरीवर जाऊनसुद्धा आल्या होत्या.

मग दिवसभर जो येईल त्याच्या टोपीत तुरा. दुकानदार, पुजारी, समोरचा रविराज. मी ताटात आपट्याची पानं घेऊन उभी, आणि प्रत्येकाच्या डोक्याकडे बघतेय. गव्हाच्या पात्यात लपलंय की दिसतंय? आणि दुपारी सुंदरराव आला. सध्या आमच्या बीटचा जमादार तोच. यांच्या हाताखाली शिकलेला पोरगा, दर दसऱ्याला यांच्या पाया पडायला येतो. वर्दीवर होता. सासूबाई म्हणाल्या, "वाक रं." तो वाकला. त्यांनी खाकी टोपीत तुरा खोवला. पोलिसाच्या डोक्यावर गांजा! तो मला म्हणाला, "येतो बाई," आणि तसाच फटफटीवर बसून ठाण्यात गेला.

यांच्याही टोपीत होता. यांनी काढून हातात फिरवला, खिशात टाकला. सकाळची गोळी घेतलेली, सुस्तीच होती.

पत्रावळीत वाळल्या माळांखाली दबलेली चार रोपं वाचली होती. तेलाच्या डब्यांत लावून माडीवर नेली. चारच सही. चार पोरांच्या वर्गालाही मन लावूनच शिकवायचं असतं.

१५ ऑक्टोबर

रोपं जोमात! टोपलीखाली झाकून ठेवलीत, घटाला ठेवतो तशी अंधारात. एवढी लांब झाली, पिवळीधम्मक, सरळ. घटातलं धान असं पिवळं आणि उंच आलं की वर्ष चांगलं म्हणतात. मला आता शंका नाही.

१८ ऑक्टोबर

चारही आडवी पडली. मान टाकल्यासारखी.

राधाकिशनला रसवंतीच्या मागे गाठलं. ऐकून कपाळावर हात मारला त्याने. "वैनी, ते काय देवीचं धान हाय का, अंधारात वाढवायला? नऊ दिवसांत उपटायचंय का तुमाला? उजेड द्या की त्याला उजेड."

आता ही गोष्ट मला माहीत नव्हती का? हरितद्रव्य, सूर्यप्रकाश, फळ्यावर आकृती काढून शिकवलंय मी! पण घट म्हटला की डोकं विज्ञानाचं राहत नाही, सुनेचं होतं. संध्याकाळी माडीवर दोन ट्यूबलाइट लावल्या. देठांना खराट्याच्या काड्यांचा आधार दिला.

सासूबाईंनी विचारलं, वर दिवा कशाचा? म्हटलं, लक्ष्मी येते उजेडाला. दिवाळीच आहे आता, पटलं त्यांना.

२४ ऑक्टोबर

चारही उभी. हिरवी. रोज हजेरी घेते. खिडकीकडचं हुशार आहे, कोपऱ्यातलं ढ, पण मेहनती.

४ नोव्हेंबर

काल-परवा भाऊबीजेसाठी केजला भावाकडे होते. दोन दिवस पाणी नाही म्हणून जीव टांगणीला. आल्या आल्या माडीवर गेले, तर माती ओलीच! काळी माती ओल धरून ठेवते, उगाच घाबरले. मला आता यातलं बरंच कळायला लागलंय.

पण खाली वाईट होतं. यांच्या पायाची कळ दोन दिवस उठत होती. सासूबाई म्हणाल्या, गोळी घेतलीच न्हाई त्यानं, फेकून दिली. मी रागावले. तर म्हणाले, "गोळी घेतली की मी ऱ्हात न्हाई गं. कशापायी घेऊ?" मग म्हणाले, तळव्याला खाज सुटलीय, डाव्या. मी पलंगावर बसले आणि जिथे पाऊल असतं तिथली चादर खाजवली. रिकामी चादर. "जरा खाली," म्हणाले. खाली खाजवली. "हां. तिथंच." डोळे मिटले, बरं वाटलं त्यांना.

माझं लग्न झालं तेव्हा या माणसाची मला भीती वाटायची. आता चादर खाजवताना वाटलं, याच्याइतकं जवळचं मला कुणी नाही.

१० नोव्हेंबर

वास यायला लागला. उग्र. मोबाईलवर बघितलं, फुलं धरायची वेळ जवळ आली की येतो. म्हणजे यश! पण जिन्याच्या दारातून खाली उतरतो. सकाळ-संध्याकाळ धूप जाळतेय. सासूबाईंना वाटतं माझी भक्ती वाढली.

हे जेवताना म्हणाले, "माडीवर काय वाळू घातलंस?"

म्हटलं, "अंबाडी." पान तसंच असतं, म्हणून तेच तोंडात आलं.

"अवंदा अंबाडी लई उग्र आलीय," म्हणाले, आणि दुसरी भाकरी मागितली. बऱ्याच दिवसांनी दुसरी भाकरी मागितली. किती भोळे झालेत! पूर्वीचे जमादार असते तर ताटावरून उठून वर गेले असते.

१५ नोव्हेंबर

राधाकिशनला धरलं.

निवडणुकीची नाकाबंदी चालू आहे, रोख रकमेसाठी गाड्या तपासतात. हा धर्मापुरीहून कुणाच्या तरी जीपमध्ये येत होता. जीपमध्ये रोकड नाही सापडली, याच्या खिशात पुडी सापडली. रविराजने गल्लीत सांगितलं. मी पोळपाट धूत होते, धूतच राहिले.

बिया कुणाला दिल्या, हे तो सांगेल का? नाही सांगणार. पण दोन फटक्यांत सांगेलही. माणूस चांगला आहे, निधड्या छातीचा नाही.

१६ नोव्हेंबर

उपटून टाकावीत का? दोनदा जिन्यापर्यंत गेले. तिसऱ्यांदा वर जाऊन खिडकीकडच्या झाडाला हात लावला. शेंड्याला बारीक काहीतरी धरलंय. आणखी थोडे दिवस, मग औषध. आज दुपारी हे उशीत तोंड खुपसून कण्हत होते, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. नाही उपटत.

संध्याकाळी सुंदररावचा फोन आला, यांना. बराच वेळ बोलले. हे फक्त "हं, हं" करत होते. मी विचारलं काय म्हणतो, तर "इलेक्शनचा बंदोबस्त लई हाय म्हणतो."

१७ नोव्हेंबर

ठरलं. आले तर आले. पुढे होऊन सांगणार — झाडं माझी, बी मी आणलं, पेरलं मी. माझ्या नवऱ्याला आणि सासूला यातलं काही माहीत नाही. वाक्यं जुळवून ठेवलीत. पोरांना खरं बोलायला शिकवलं, आता आपली पाळी. होईल ती शिक्षा होवो, तुरुंगातल्या बायकांनाही कुणीतरी शिकवायला पाहिजेच.

भीती एकाच गोष्टीची वाटते. मी नसले तर चादर कोण खाजवेल?

पण मन घट्ट आहे. आज रात्री झोप लागेल मला.

१८ नोव्हेंबर

सकाळी जीप आली. यांनीच फोन करून बोलावली होती.

मी पिठाच्या हाताने बाहेर आले तर हे सुंदररावला सांगत होते, "झाडं माझी हायेत. राधाकिशनकडनं बी मी घेतलंय. लिही." मी म्हटलं, खोटं आहे, माझी आहेत. जुळवलेली सगळी वाक्यं म्हटली. सुंदररावने माझ्याकडे बघितलंच नाही. बिचारा यांच्या रिकाम्या पायजम्याकडे बघत होता. हळूच म्हणाला, "जमादारसाहेब, तुमी माडी चढता कसं?"

यांनी कुबडी भिंतीला लावली. जिन्याकडे पाठ करून पहिल्या पायरीवर बसले. दोन्ही तळहात मागच्या पायरीवर, एका पायाचा रेटा, आणि वर. मग पुढची. सुंदरराव धरायला गेला तर म्हणाले, "हात लावू नगं." सासूबाई खाली उभ्या राहून आवाज ऐकत होत्या. सगळ्यात वर जाऊन बसले, घामाने भिजलेले, आणि म्हणाले, "ये वर. पंचनामा कर."

केला. त्यात माझं नाव नाही. यांना घेऊन गेले.

जिन्यातली एक पायरी यंदाच्या पावसाळ्यात निसटलीय, हात टेकला की डगमगते. यांचा पाय जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. ती हलते हे माझ्याशिवाय कुणाला माहीत असायचं कारण नाही. पाठमोरे चढताना यांनी ती पायरी न बघता सोडली आणि हात थेट वरच्या पायरीवर टेकला.