केळीवाली इंग्रजी

प्रिय आपा,

आधी तक्रार नोंदवून घ्या. तुम्ही गेल्यापासून सातवीच्या वर्गात मला उभं राहायला जागा नाही. तुम्ही मांडलेली बाकं सगळी समोरासमोर, मध्ये बोळ. फळ्यापाशी उभा राहिलो की निम्म्या वर्गाचा डावा कान दिसतो, निम्म्याचा उजवा. सव्वीस वर्षं पोरांच्या तोंडाकडं बघून इंग्रजी शिकवली, आता कानांना शिकवतो. बाकांच्या कोपऱ्यांवर आपटून मांडी काळीनिळी झाली आहे. ही जखम शासनाच्या कुठल्या नमुन्यात बसते?

आज रविवार. उद्या साहेब तपासणीला येणार म्हणून हेडमास्तरांनी मला बाकं सरळ करायला सांगितलं होतं. तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही. म्हणून हे पत्र.

श्रावणात तुम्हाला ताप आला. अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं आणि नवव्या दिवशी तुम्ही गेल्याचा शाळेत फोन आला. तुमचा वर्ग मला मिळाला. मला वाटलं, मुलं मिळाली. मुलं मिळाली नाहीत आपा, तुम्हीच मिळालात.

कोणी इंग्रजीत चुकलं तर तुम्ही कधी "चूक" म्हणाला नाहीत. तेच वाक्य नीट करून, हळू, मान हलवत म्हणायचात, जणू पोरानं तसंच म्हटलं होतं. पहिल्या आठवड्यात मी फळ्याकडं तोंड करून एक वाक्य बोललो. मागून तेच वाक्य आलं, नीट होऊन, तुमच्या चालीत. मी वळलो. बोळात कोणी नव्हतं. अख्खा वर्ग मान हलवत होता.

तेव्हापासून मी चुकलो की तुम्ही येता. दिवसाढवळ्या, तीस तोंडांनी. तुम्हाला माहीत आहे मी किती वेळा चुकतो?

आता ती गोष्ट. तुमच्या भावाचा तेलगावला फळांचा गाडा. तिथली उरलेली केळी, पेरू तुम्ही वर्गात आणायचात. जो इंग्रजीत मागेल त्याला मिळेल, आणि ज्याला मिळेल त्यानं शेजाऱ्याला इंग्रजीतच विचारून अर्धं द्यायचं. शेजारच्या वर्गात मी धड्याचं भाषांतर उतरवून देत असे आणि भिंतीपलीकडून तुमच्या वर्गाचा गलका ऐकत असे. मग पेपरातल्या माझ्या सदरात मी लिहिलं, "केळीवाली इंग्रजी." नाव घातलं नाही. गाडा मात्र घातला. कोपरखळ्या छान जमल्या होत्या. तालुकाभर लोक हसले.

साहेबही हसले. पुढच्या भेटीत त्यांनी शेरा लिहिला: खेळ बंद करून पाठ्यपुस्तक पूर्ण करावे. तुम्ही सही केलीत, आणि दुसऱ्या दिवसापासून पिशवी रिकामी आणू लागलात. मी शेजारीच उभा होतो. तोंड उघडायला मला काय झालं होतं?

तुम्ही एवढंच म्हणालात, "सर, लिवलं झकास. पण तास बघून लिवलं असतं तर आणखी झकास झालं असतं. या की एकदा. एक तास बसा आमच्यात."

"येतो," म्हणालो. चार वर्षं येतोच होतो. कधी दाखले, कधी निवडणुकीचं काम. खरं कारण आता तुमच्यापाशी बोलायला हरकत नाही: तुमच्या वर्गात बसणाऱ्याला बोलावं लागायचं. सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवणाऱ्या जोगदंडला चार वाक्यं इंग्रजीत बोलायची भीती वाटते. वर्गावर हसणं त्यापेक्षा सोपं होतं.

गेल्या मंगळवारी अश्विनी परत आली. दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेली, चार महिने उसाच्या फडात. मी सवयीनं म्हणालो, "ऊठ, धडा वाच."

ती उभी राहिली, पुस्तकाकडं बघत राहिली. तिच्यासमोर बसणारी नसरीन म्हणाली, "सर, तिला पंधरा दिस हायत."

"कसले?"

"फडावरनं आलेल्याला पंधरा दिस बोलाय लावायचं न्हाई. नुसतं ऐकायचं. दार उघड म्हटलं की उघडायचं, पाणी आण म्हटलं की आणायचं. मग आपसूक बोलतंय."

"कुणी सांगितलं?"

"आपा म्हणतेत."

म्हणतेत. म्हणायच्या नव्हे.

मला आठवलं, तुम्ही एकदा स्टाफरूममध्ये डबा उघडता उघडता म्हणाला होतात, "सर, आदी कान भरू द्या. कान भरला की तोंड वाहतंय." मी त्यावरही काहीतरी टोमणा मारला होता. काय मारला ते आठवत नाही. तुमचं वाक्य आठवतं, हीच शिक्षा असेल का?

"खाली बस," मी अश्विनीला म्हणालो. नसरीन तिला इंग्रजीत म्हणाली, खिडकी उघड. अश्विनीनं उघडली.

परवा हेडमास्तरांकडं गेलो. म्हणालो, "बाकं आहेत तशीच राहू द्या. आणि ते केळीवालं मी न बघता लिहिलं होतं."

"तुमीच लिवलं ते साऱ्या तालुक्याला ठावं हाय," ते म्हणाले. "न बघता लिवलं, हे आज कळलं. साहेबानी विचारलं तर काय सांगू?"

"काही सांगू नका. मी सांगतो."

तर उद्या सांगणार आहे, आपा. तुमचं नाव घेऊन, आणि त्या जुन्या शेऱ्याखाली लिहून, माझ्या सहीनं. येत्या रविवारच्या सदरातही, या वेळी नाव घालून. बाकं हलणार नाहीत. अश्विनीचे अजून नऊ दिवस आहेत. साहेब असोत की आणखी कोणी, त्या नऊ दिवसांत तिला कोणी उभं करणार नाही. हे माझं वचन.

आणि काल, शनिवारी, तुमच्या वर्गात खडू ठेवला आणि नसरीनशेजारी बाकावर बसलो. रस्त्यात काय दिसलं, हा तुम्ही लावून दिलेला शनिवारचा प्रश्न होता. माझी पाळी आली. बोललो. वर्गानं वाक्य नीट करून परत दिलं, मी ते पुन्हा म्हटलं. मग पुढचा प्रश्न आला.

पूर्ण चाळीस मिनिटं बसलो, आपा. अर्ध्यातून उठलो नाही.

तुमचा शेजारच्या वर्गातला,
जोगदंड