पालथा घातलेला कप

बेलग्रेड, १४ मार्च

आई, नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहायला बसले. गुडघे कसे आहेत? शेजारच्या मिलेवाने लाकडं फोडून दिली का? इकडे थंडी अजून हटत नाही.

इस्क्राचं म्हणाल तर स्टेरॉइड चालूच आहेत. गाल भिजवलेल्या कणकेसारखे फुगलेत. उजाडल्या उजाडल्या तिला चीज भरलेला बुरेक हवा असतो, आणि आणला की फेकून देते. काल नर्सला म्हणाली, "तूच खा गोळी, मग बघू कशी हसतेस ते." नर्स हसली. मला मात्र हसूही आलं नाही, इतकी थकलेय. सहा वर्षांच्या पोरीवर ओरडले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. तुमचा नेबॉयशा कामावरून येतो तो बूटसुद्धा न काढता बसून राहतो.

एक बातमी चांगली आहे. तिच्या गोळीचं रक्तातलं घसरलेलं प्रमाण पुन्हा जागेवर आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजीबाईंवर फार रागावू नका हो. आपल्याकडे खोकल्यापासून दुःखापर्यंत सगळ्यावर कांतारिऑनची पिवळी फुलंच उकळतात." मी नुसती मान हलवली.

प्रमाण घसरल्याचं कळलं त्या दिवशीही मी अशीच गप्प होते. "घरात कुणी पोरीला कांतारिऑनचा चहा दिला का? त्याने गोळीचा जोर जातो," असं त्यांनी विचारलं, तेव्हा नेबॉयशाने तुमच्याकडे पाहिलं. बरणी तुम्हीच डोंगरावरून आणली होतीत. तुम्ही म्हणालात, "मीच दिला असेल. म्हातारीला काय कळतंय!" आणि घरी आल्यावर मी तुम्हाला म्हटलं, "तुमच्या बरण्या उचला आणि गावाला चालत्या व्हा."

आई, चहा मी दिला होता.

बरणी तुम्ही माझ्यासाठी आणली होतीत, माझं डोकं शांत राहावं म्हणून. "पोरीला यातला घोटसुद्धा नको, तिची औषधं चालू आहेत," असं बजावलंही होतंत. पण ती झोपेचना, भिंतीवर डोकं आपटायची. एकदा मध घालून पाजला, तर झोपली. मग तीन आठवडे रोज पाजला. झोप तिला हवी होती की मला, हे आता खरंच सांगता येत नाही.

आणि तुम्हाला कळलं होतं. तिच्या कपाच्या तळाशी पिवळ्या पाकळ्या चिकटल्या होत्या. नेबॉयशा स्वयंपाकघरात यायच्या आत तुम्ही तो घासलात, पालथा घातलात. मी पाहिलं. पाहूनही तुम्हाला घालवलं.

नेबॉयशाला आज सकाळी सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "आधी आईला लिही." डॉक्टरीणबाईंना सोमवारी सांगणार आहे.

इस्क्रा रोज विचारते, "मी चमचा फेकून मारला म्हणून आजी गेली का?" तिचा अपराध नव्हता, हे तिला मी सांगितलं. ती म्हणते, आजीने सांगितलं तरच खरं.

याल का?

तुम्ही जिला पाठीशी घातलंत, ती तुमची सून,
ल्यूबिंका