न आटवलेलं कापड

३ फेब्रुवारी, सोमवार

माफ कर, वही. अठरा दिवस तुला उघडलं नाही. गुडघे दुखतात हे कारण खरं – पण गुडघ्यानं कोण लिहितं!

बारकी, माझी नात, आज पुन्हा तोंड पाडून आली. मोठ्या शिक्षणाचं शेवटचं वर्ष तिचं. माणसाच्या रक्तातल्या पेशी काढायच्या, त्यांच्यात नवं जनुक घालायचं, त्या वाढवायच्या आणि आजाऱ्याला औषध म्हणून द्यायच्या. मला सातवी नापासाला तिनं एका वाक्यात समजावलं होतं. "आबा, तुम्ही सदऱ्याला आतून चोरखिसा लावायचात ना, तसंच." चाळीस वर्षं शिलाईचं मशीन मारलं. चोरखिसा मला कळतो.

सरावाला निरोगी माणसाचं रक्त लागतं. गेल्या महिन्यात मी दिलं. त्याचे वाटे करून तिनं गोठवून ठेवले होते. आज तिसरा वाटाही वाया गेला. पेशी वाढतच नाहीत.

५ फेब्रुवारी, बुधवार

सूनबाई तिला म्हणाली, "जेव गं बाई. पेशी वाढत नाहीत म्हणून तू पण वाळणार का?" बारकी हसली नाही. "माझा हातच वाईट आहे," म्हणाली. शिक्षण सोडायचं बोलते आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

जेवताना सहज विचारलं, रक्तातच खोट असेल तर?

"तुमच्या? तुम्ही तर कसलं औषधही घेत नाही. ती सुजेवरची स्टेरॉइडची गोळी खाणाऱ्यांना आम्ही दारातूनच परत पाठवतो. तिनं पेशी झोपतात."

हातातला घास ताटात परत ठेवला. चार महिने मी तीच गोळी खातो आहे! गुडघ्यांसाठी. डॉक्टरला न विचारता, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून. रक्त देताना नर्सनं विचारलं होतं, "औषधं चालू आहेत?" बारकी शेजारी उभी. मी छाती काढून म्हटलं, "काही नाही." खरं बोललो असतो तर घरात बोंब झाली असती. आणि दुसरं – इथे लिहून टाकतो – तिच्या अभ्यासाला माझा उपयोग होण्याची ती पहिलीच वेळ होती. दारातून परत पाठवलं असतं तर?

गिऱ्हाईक न आटवलेलं कापड आणून देतं, बोलत नाही. पहिल्या धुण्यात सदरा आखूड, आणि शिव्या शिंप्याला! अशा गिऱ्हाइकांच्या नावानं जन्मभर बोटं मोडली.

१० फेब्रुवारी, सोमवार

गोळी बंद. कुणाला सांगितलं नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

जिना चढताना दोनदा बसलो. अंगात त्राण म्हणून नाही. औषधवाल्यानं हाक मारली, "काय आबा, फिरकला नाहीत? एकदम सोडू-बिडू नका हं, घेरी येईल."

आलीच होती.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि बारकीला म्हटलं, पुन्हा माझंच रक्त घे.

"आबा, चेहरा बघा स्वतःचा."

"चेहरा जन्मापासून असाच आहे."

नर्सनं पुन्हा तेच विचारलं. या वेळी "काही नाही" खरं होतं. तरी जीभ जड झाली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

वाढल्या! दुपटीच्या वर! चपला न काढता आत आली आणि मिठीच मारली. कळ पार कमरेपर्यंत गेली.

"हात वाईट नव्हता आबा, खुराक वाईट होता!" पेशी ज्या पातळ खुराकात ठेवतात तो तिनं या खेपेला बदलला होता. त्यामुळेच वाढल्या म्हणते. तिला शिकवणाऱ्या बाईंनाही तसंच वाटतं. शुक्रवारी सकाळी अकराला परीक्षकांपुढे हेच मांडायचं आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

झोपून आहे. उठलं की डोळ्यांपुढे काजवे.

खुराकानं काही झालंच नसेल तर? गोळी सुटली म्हणूनच पेशी जाग्या झाल्या असतील. आणि ही म्हणते, "आबा, उद्या माझा खुराक आजाऱ्यांच्या पेशींना वापरतील!" सांगावं तर आत्ता कुठे पोर दोन घास जेवायला लागली आहे. गप्प बसावं, आपले असे किती दिवस राहिलेत – असंही मनात येऊन गेलं. लाज वाटली.

दोनदा तोंड उघडलं. "काही म्हणालात, आबा?"

"काही नाही."

पुन्हा तेच दोन शब्द!

२७ फेब्रुवारी, गुरुवार

तिच्या पांढऱ्या डगल्याचं बटण लोंबत होतं. मागून घेतला. मशीनवर बसलो, पाय चालेनात. हातानंच शिवलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

काल बटण लावलं, आणि आतून चोरखिसाही. त्यात गोळ्यांचं रिकामं पाकीट आणि चिठ्ठी. 'पहिल्या वेळी ही गोळी खात होतो. दुसऱ्या वेळी सोडली होती. खुराकाचं मला कळत नाही. कापड माझं खोटं होतं, तुझा हात नाही.' निघताना तिला म्हटलं, परीक्षकांपुढे जाण्याआधी आतल्या खिशात हात घाल. "आशीर्वाद ठेवलात वाटतं!" म्हणाली आणि पळाली.

एक वाजून गेला. पोरी, वाचलीस का? महिनाभर बोलू नकोस हवं तर. पण आत काय सांगितलंस, तेवढं लवकर कळव.