तळ्यावरचा आवाज

तीर्थरूप अण्णांना अमृतचा जय भीम.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत न्हाय, म्हणून लिहितोय. फिरायला आलेल्या पाहुण्यांची घरगाडी चालवत गुजरातेत एका तळ्याकाठी मुक्कामाला हाय. पलंग, शेगडी सगळं गाडीतच. जेवण वेळेवर होतं.

आज सकाळी हजारो पाखरं एकदम उडाली, केवढा तरी आवाज झाला. मी अनवाणीच बाहेर पळालो अन् धूर कुठं दिसतोय ते बघत राहिलो. पाहुणे लई हसले. तेरखेड्यात फटाक्याच्या कारखान्याकडून आवाज आला की सगळा गाव आधी धूर बघतो, हे त्यांना काय सांगू!

आईचे गुडघे कसे हाईत? पौर्णिमाताई म्हणते, तुम्ही फटाक्यात दारू भरायला जायचं सोडलं. मग तिनं काल पाठवलेल्या फोटोत तुमची बोटं भुकटीनं चंदेरी कशी?

तुमचाच,
अमृत