दसऱ्याच्या मुहूर्तावर ट्रकमोजणी

३० सप्टेंबर

ऑफिसात आज पेढे! सरकारी काम मिळालं. मुलुंडजवळ हायवेवर किती ट्रक जातात ते आमच्या साकीनाक्याच्या कंपनीने मोजायचं. आकडा मोठा आला तर ट्रक टर्मिनलला निधी — पार्किंग, झोपायला खाटा, आंघोळीची सोय, संडास. लहान आला तर ठेंगा.

घरी येऊन आधी बाबांना सांगितलं. बाबा ट्रक चालवतात. त्यांना डायबिटीस, आणि हायवेवर गाडी उभी करायला जागा नाही, म्हणून हे महाशय ड्युटीवर पाणीच पीत नाहीत! मुतखडा झालाय. डॉक्टर ओरडून दमले.

"म्हणजे आमका मुतूक जागा व्हयी म्हणान सरकार ट्रक मोजतला?" आई म्हणाली, जेवताना असलं बोलू नका. पण स्वारी खूश होती. दोनदा विचारलं, संडासाक दार असतला मां गो?

१ ऑक्टोबर

मोजणी उद्याच! दसरा, साडेतीन मुहूर्तांपैकी एक, नव्या कामाला झकास — इति सहदेव सर, आमचे बॉस. नारळ पण आणून ठेवलाय. टीममधला प्रबुद्ध दीक्षाभूमीला नागपूरला चाललाय. बॅग खांद्यावर टाकून जाता जाता म्हणाला, "दिशा, उद्या तुझ्या बाबांचा ट्रक तरी निघणार का गं?" मी म्हटलं, तू निघ रे, गाडी चुकेल.

२ ऑक्टोबर

वाट लागली.

सकाळी सर्व्हिस रोडवर बाबांच्या ट्रकची पूजा. मीच ओवाळलं. चाकांखाली लिंबं, झेंडूचे हार, आणि यंदा हौस म्हणून बंपरवर गुलाबी प्लास्टिकचा मोर! रांगेतले सगळे ट्रक धुऊनपुसून नवरदेवासारखे उभे. बाबा म्हणाले, आज गाडयेक सुट्टी. मी म्हटलं बरं, आणि धावत सुटले — ट्रक मोजायला! अक्कल कुठे चरायला गेली होती माझी, देव जाणे.

हायवे रिकामा. छत्रीखाली बसून आम्ही माशा मारतोय. एक पाण्याचा टँकर गेला तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर मात्र खूश. "बघ, मुहूर्ताचं काम कसं सुरळीत होतं!"

६ ऑक्टोबर

सरांना सांगितलं, दसऱ्याला ट्रक पूजेला उभे असतात, पुन्हा मोजू. म्हणाले, "सरकारला आकडा लागतो, कारण नाही." रिपोर्ट गेला. शहाणाच आहे! स्वतःच्या स्कूटरवर दसऱ्याचा हार अजून सुकतोय.

१५ ऑक्टोबर

खात्यात मीटिंग. तिथले साहेब म्हणाले, "ट्रकच नाहीत, टर्मिनल कुणासाठी?" आमचे सर नंदीबैलासारखी मान हलवतायत. तेवढ्यात प्रबुद्धने विचारलं, "साहेब, दसऱ्याला तुमची गाडी बाहेर काढली होती का, की पूजेला होती?"

साहेबांनी बराच वेळ चहा ढवळला. मग म्हणाले, दिवाळीनंतर पुन्हा मोजा. प्रबुद्धला माझ्यातर्फे वडापाव.

बाबा ऐकून म्हणाले, "ह्या टायमाक कमी पडूचे नाय." मी लक्षच दिलं नाही.

४ नोव्हेंबर

हसून हसून पोट दुखतंय. थोडी फाटलीपण आहे.

आज ट्रकवर ट्रक! मोजणीयंत्राचं बटण दाबून बोट सुजलं. दुपारी एका ट्रकच्या बंपरवर गुलाबी मोर दिसला. थोड्या वेळाने पुन्हा मोर. मग पुन्हा! पुढच्या पुलाखालून वळून येत होते. मागे त्यांच्या टपरीवरचे सगळे दोस्त, सगळ्यांच्या गाड्या रिकाम्या. बाबा नाकासमोर बघत, चेहरा एकदम गंभीर, मला ओळखतच नाहीत!

प्रबुद्ध म्हणाला, "मोर आला परत. दाब." दाबलं. प्रत्येक वेळी दाबलं. आकडा खोटा असेल, मुतखडा तर खरा आहे ना!

घरी बाबांना म्हटलं, शेठला डिझेलचा काय हिशेब देणार? म्हणाले, "ट्राफिक जाम होता म्हणान सांगतलंय." आई म्हणाली, बापलेक दोघं येडे झालेत.

२८ नोव्हेंबर

निधी मंजूर!!! कशाकशाला ते पत्रात येईल म्हणे. बाबा जेवताना तांब्याभर पाणी प्यायले.

१२ डिसेंबर

पत्र आलं. एवढी वर्दळ हायवेला झेपणार नाही, म्हणून ट्रकना आता दिवसभर बंदी. आजवर सकाळ-संध्याकाळच होती. निधी गेला बंदीच्या पाट्यांना आणि कॅमेऱ्यांना. टर्मिनलचा विचार 'पुढील टप्प्यात'.

बाबांना वाचून दाखवलं. मला रडू आवरेना. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बरा झाला गो. काळोखात खंयय बसूक येता."

संध्याकाळी स्वेटर घालून ड्युटीवर गेले. आईने भरलेली पाण्याची बाटली ओट्यावरच आहे.